हैती : भूकंपाआधीची दोनशे वर्षं

१२ जानेवारी २०१० रोजी कॅरिबियन समुद्रातल्या हैती या देशात ७.० तीव्रतेचा भूकंप झाला. मृतांचे अंदाज एक लाखापासून सुरू होतात. तिथल्या सरकारचा आकडा तीन लाखांच्या वर आहे. दीड महिन्याने चिलीत ८.८ तीव्रतेचा, कित्येक पटींनी मोठा भूकंप झाला. तिथे सुमारे सव्वापाचशे माणसं गेली. एवढी तफावत का, हे समजायला फार मागे जावं लागतं.

हैती ही फ्रान्सची सर्वांत श्रीमंत वसाहत होती. ऊस आणि कॉफीच्या मळ्यांत राबणाऱ्या आफ्रिकी गुलामांनी बंड केलं, नेपोलियनच्या फौजेला हरवलं आणि १ जानेवारी १८०४ रोजी स्वातंत्र्य जाहीर केलं. १८२५ मध्ये फ्रान्सचा राजा दहावा चार्ल्स याने युद्धनौका धाडून बजावलं, मळेवाल्यांना १५ कोटी फ्रँक भरपाई द्या, तरच मान्यता मिळेल. ज्यांना जनावरांसारखं विकलं, त्यांनीच मालकांचं नुकसान भरून द्यायचं! पुढे रक्कम ९ कोटींवर आली, पण पहिल्याच हप्त्यासाठी फ्रेंच बँकांकडून कर्ज काढावं लागलं. ही देणी फिटायला १९४७ उजाडलं. तोवर कॉफीवरच्या कराचा पैसा शाळा-रस्त्यांऐवजी परदेशी सावकारांकडे जात राहिला.

मधे १९१५ ते १९३४ अमेरिकी फौजांचा ताबा, मग १९५७ ते १९८६ दुवालिए बापलेकांची हुकूमशाही. १९९५ मध्ये तांदळावरचं आयात शुल्क ५० टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणलं गेलं. स्वस्त अमेरिकी तांदळापुढे तिथला भातशेतकरी टिकला नाही. गावं सोडून माणसं राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सच्या डोंगरउतारांवर वस्ती करू लागली.

तिथली घरं कशी? हलक्या प्रतीचे पोकळ सिमेंट ब्लॉक, बारीक सळ्या, कमी सिमेंटचा माल. वादळात पत्रे उडतात, म्हणून वर काँक्रीटचा जड स्लॅब. पैसे जमले की आणखी एक मजला. चक्रीवादळापासून वाचवणारा तोच स्लॅब भूकंपात अंगावर आला.

भूकंपाच्याच वर्षी ऑक्टोबरात कॉलरा पसरला. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या छावणीतला मैला आर्तिबोनित नदीच्या उपनदीत गेला होता. सुमारे दहा हजार माणसं दगावली. पीडितांनी न्यूयॉर्कच्या न्यायालयात भरपाई मागितली. ऑगस्ट २०१६ मध्ये अपिलातही तोच निकाल आला, की संयुक्त राष्ट्रांवर खटला चालवता येत नाही.