एअरबॅगचा दिवा: सगळा हिशोब दोन ओहमचा

चावी 'ऑन' केली की मीटरमध्ये एक दिवा लागतो. चित्र असतं सीटवर बसलेल्या माणसाचं आणि त्याच्यासमोरच्या गोल फुग्याचं. बहुतेक गाड्यांत सहा-सात सेकंदांत तो विझतो. तेवढ्या वेळात एअरबॅगचं मॉड्यूल, म्हणजे ही यंत्रणा सांभाळणारा छोटा संगणक, स्वतःची आणि स्वतःला जोडलेल्या प्रत्येक सर्किटची परीक्षा घेतं. दिवा विझला नाही, लुकलुकत राहिला किंवा चालत्या गाडीत मध्येच लागला, तर कुठलं तरी एक सर्किट नापास झालं आहे. याहून वाईट म्हणजे चावी फिरवल्यावर दिवा लागतच नाही. त्याबद्दल पुढे सांगतो.

दिवा लागलेला असताना गाडी चालते, वेग पकडते, ब्रेक लागतात. म्हणून लोक महिनोन्‌महिने तशीच चालवतात. पण काही गाड्यांत मॉड्यूल फक्त बिघडलेलं सर्किट बाजूला ठेवतं आणि काहींत सगळी यंत्रणाच थांबवतं. तुमच्या गाडीत यातलं काय झालं आहे हे दिव्यावरून कळत नाही. दुरुस्ती होईपर्यंत एकही एअरबॅग फुगणार नाही असं धरून चालावं. सीटबेल्टचा झटक्यात आवळणारा भाग, म्हणजे प्रीटेन्शनर, याच मॉड्यूलच्या हुकमावर चालतो, त्यामुळे तोही बंद असू शकतो.

आता मॉड्यूल नेमकं काय मोजतं ते पाहू. एअरबॅगच्या पोटात वायू तयार करणारं रसायन असतं आणि ते पेटवायला स्क्विब नावाची छोटी ठिणगीपुडी. तिच्यात केसासारखी बारीक तार असते, जिचा रोध साधारण २ ओहम असतो. धडक झाली की मॉड्यूल या तारेतून १.२ अँपिअर किंवा त्याहून जास्त प्रवाह सोडतं. तार दोन मिलिसेकंदांच्या आत तापते, पुडी पेटते आणि धडकेपासून सेकंदाच्या विसाव्या-तिसाव्या भागात पिशवी फुगलेली असते. एरवी, गाडी चालू असताना, मॉड्यूल त्याच तारेतून अगदी किरकोळ प्रवाह सोडून रोध तपासत राहतं. समजा हा प्रवाह ४० मिलिअँपिअर आहे. २ ओहमवर त्याने ८० मिलिव्होल्ट पडतात. वाटेतल्या एखाद्या पिनवर गंज चढून १ ओहम वाढला, तर १२० पडतात. मॉड्यूलच्या दृष्टीने हा फरक प्रचंड आहे आणि दिवा लावायला तेवढा पुरतो.

हेडलाईटच्या किंवा हॉर्नच्या वायरीत एवढा रोध वाढला तर उजेड थोडा मंद होईल, आवाज जरा बसेल, आणि बहुधा कुणाच्या लक्षातही येणार नाही. एअरबॅगच्या सर्किटमध्ये तो चालत नाही. म्हणूनच दिवा लागला की दोष एअरबॅगमध्ये सापडण्यापेक्षा जोडणीत सापडण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. सापडलेला दोष मॉड्यूल कोडच्या, म्हणजे ठरावीक अक्षर-आकड्यांच्या रूपात साठवतं. तो न वाचता थेट एअरबॅग किंवा मॉड्यूल बदलायला सांगणाऱ्याला आधी कोड दाखवायला सांगा.

कोड वाचायला स्कॅनर लागतो, पण कुठलाही चालत नाही. मोबाईलला जोडायचे स्वस्त ब्लूटूथ रीडर बहुधा फक्त इंजिनचे, म्हणजे 'पी'ने सुरू होणारे कोड वाचतात. एअरबॅगचे कोड 'बी'ने सुरू होतात आणि त्यासाठी एअरबॅग मॉड्यूलशी बोलणारा स्कॅनर हवा. उदाहरणार्थ बी ०००१ हा चालकाच्या पुढच्या एअरबॅगच्या पहिल्या टप्प्याचा कोड. अनेक नव्या गाड्यांत कोडच्या मागे आणखी दोन अक्षरं येतात आणि खरी माहिती तिथे असते. ११ म्हणजे वायर बॉडीला, म्हणजे अर्थला लागली आहे. १२ म्हणजे बॅटरीच्या वायरीला लागली आहे. १३ म्हणजे सर्किट तुटलं आहे. १ए म्हणजे रोध हवा त्यापेक्षा कमी, १बी म्हणजे जास्त. १३ आणि १बी आले की सैल कप्लर (वायरी जोडणारा प्लग), गंजलेली पिन किंवा स्टिअरिंगमधली तुटलेली पट्टी शोधायची. ११ आणि १२ आले की सोललेली वायर, चिमटलेला हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, किंवा उंदराचे दात.

कोड सध्या हजर आहे की जुना साठवलेला, हेही स्कॅनर सांगतो. सगळे कोड आधी लिहून ठेवावेत आणि मगच पुसावेत. न लिहिता पुसले तर अधूनमधून येणाऱ्या दोषाचा एकमेव धागा हातातून जातो. आणि सर्वात आधी बॅटरी तपासावी. गाडी बंद असताना १२.४ व्होल्टच्या खाली असेल तर ती चार्ज करून घ्यावी. स्टार्ट करताना व्होल्टेज फार खाली गेलं की काही गाड्यांत एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो कोड पुसल्यावर परत येत नाही.

दोष सापडण्याच्या जागांत सीटखालची जागा वरच्या क्रमांकावर आहे. सीटमधली साईड एअरबॅग, बेल्टचा बकल आणि काही गाड्यांत प्रीटेन्शनर यांचे कप्लर तिथे असतात, बहुधा पिवळे. सीट पुढे-मागे सरकवताना त्यांच्या वायरी ताणल्या जातात. लोक सीटखाली छत्री, पाण्याची बाटली, चपला कोंबतात. पावसाळ्यात ओल्या पायांचं पाणी गालिच्यात मुरतं. यात आणखी एक गोष्ट घडते जी डोळ्यांना दिसत नाही. गाडीच्या कंपनांनी पिन आपल्या खोबणीत केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतर घासत राहते. पिनवर कथिलाचा मुलामा असेल तर प्रत्येक घासणीत उघडं पडलेलं कथिल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतं आणि ऑक्साईडची काळपट भुकटी साचते. ती वीज नीट वाहू देत नाही. म्हणून अनेक उत्पादक या पिनांना सोन्याचा मुलामा देतात. कप्लर काढून पुन्हा बसवला की भुकटी खरवडली जाते आणि दिवा विझतो. पण पिनची पकड सैल असेल तर काही आठवड्यांत तो पुन्हा लागतो. तिथे कॉन्टॅक्ट क्लीनर मारून भागत नाही, पिन किंवा पूर्ण कप्लर बदलावा लागतो.

दुसरी जागा स्टिअरिंगमधली. चाक फिरतं, एअरबॅग त्याच्यासोबत फिरते, पण वायरी खाली स्थिर कॉलममध्ये. हे दोन्ही जोडायला क्लॉक स्प्रिंग असते. नावात स्प्रिंग असली तरी आत प्लॅस्टिकच्या दोन थरांत बसवलेली तांब्याची चपटी पट्टी गुंडाळलेली असते, घड्याळाच्या कमानीसारखी. चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीन-साडेतीन वेळा फिरतं आणि पट्टी तेवढी उलगडते, परत गुंडाळली जाते. वर्षानुवर्षं वाकून तिच्यातलं तांबं चिरतं. लक्षण ओळखायला सोपं आहे: दिव्याबरोबर हॉर्न किंवा स्टिअरिंगवरची आवाजाची बटणंही बंद पडतात. चाक एका विशिष्ट कोनात आणलं की दिवा लागत असेल तर संशय जवळपास पक्का.

नवी क्लॉक स्प्रिंग बसवताना एक चूक फार महागात पडते. ती मध्यावर न आणता बसवली, तर एका बाजूला पट्टी कमी उरते आणि पहिल्या पूर्ण वळणाला तुटते. पुढची चाकं सरळ ठेवावीत, नवी स्प्रिंग हलक्या हाताने घड्याळाच्या दिशेने अडेपर्यंत फिरवावी, मग पुस्तिकेत दिलेले वेढे उलट फिरवून, साधारण अडीच, खुणा जुळवाव्यात. बऱ्याच नव्या स्प्रिंगा मध्यावर लॉक करून येतात. लॉकची पिन बसवल्यानंतरच काढावी.

आता जे काम सुरू होतं ते अनुभवी मेकॅनिकनेच करावं. पण त्याचे नियम मालकालाही माहीत असावेत, कारण समोर काम चालू असताना ते पाळले जात आहेत का हे दिसतं. चावी बंद, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली, आणि मग थांबायचं. मॉड्यूलमध्ये कपॅसिटर असतात. धडकेत बॅटरी तुटली तरी एअरबॅग फुगावी म्हणून ते वीज साठवून ठेवतात. ती वीज उतरायला वेळ लागतो. टोयोटाची पुस्तिका किमान ९० सेकंद सांगते, होंडाची ३ मिनिटं. १० मिनिटं बहुतेक गाड्यांत पुरतात, तरी आपल्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडा पाहावा. काढलेली एअरबॅग अंगापासून दूर तोंड करून धरायची आणि मेजावर कव्हर वर करून ठेवायची. पालथी ठेवलेली एअरबॅग चुकून पेटली तर ती स्वतःच गोळ्यासारखी उडते.

एअरबॅगच्या पिनांवर मल्टिमीटर कधीही लावायचा नाही. ओहम मोजताना मीटर स्वतःचा प्रवाह सोडतो आणि पुडी पेटायला काय पुरेल याची परीक्षा माणसाच्या हातात व्हायला नको. त्याऐवजी २ ते २.२ ओहमचा साधा रेझिस्टर वापरतात. एअरबॅग काढून तिच्या कप्लरमध्ये रेझिस्टर लावला, बॅटरी जोडली, कोड पुसले. कोड परत आला नाही तर दोष एअरबॅगमध्ये किंवा तिच्या पिनमध्ये. परत आला तर पुन्हा बॅटरी काढून, थांबून, तोच रेझिस्टर क्लॉक स्प्रिंगच्या खालच्या कप्लरला लावायचा. आता कोड गेला तर क्लॉक स्प्रिंग खराब. तरीही राहिला तर खालचा हार्नेस किंवा मॉड्यूल. दर पायरीला संशयाचं क्षेत्र लहान होत जातं आणि विनाकारण एकही पार्ट विकत घ्यावा लागत नाही.

हार्नेस मात्र मल्टिमीटरने मोजता येतो, दोन्ही टोकं सोडवलेली असतील तर. इथे नवखे हमखास फसतात. पिवळ्या कप्लरच्या आत एक पितळी पत्ती असते. कप्लर निघाला की ती दोन्ही पिना आपसात जोडते, म्हणजे अंगावरच्या स्थितिक विजेने पुडी पेटू नये. मीटर लावल्यावर 'शॉर्ट' दिसतो आणि चांगला हार्नेस खराब ठरवला जातो. पत्ती प्लॅस्टिकच्या पातळ चकतीने उचलूनच मोजावं. चांगल्या वायरीचा रोध १ ओहमच्या आत यावा आणि बॉडीशी जोड अजिबात दिसू नये.

वायर खरोखर तुटली असेल तर पीळ मारून वर टेप गुंडाळणं इथे चालणार नाही. उत्पादक तयार पिगटेल, म्हणजे कप्लर लावलेला वायरीचा तुकडा, देतात किंवा संपूर्ण हार्नेस बदलायला सांगतात. स्क्विबच्या दोन वायरी अनेकदा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात, बाहेरच्या विद्युत गोंधळाचा दोन्हींवर सारखाच परिणाम व्हावा म्हणून. दुरुस्ती करताना तो पीळ राखावा.

मॉड्यूल गाडीच्या मध्यावर, कन्सोलखाली पत्र्याला बोल्टने घट्ट बसवलेलं असतं, कारण धक्का त्याला तिथूनच कळतो. बोल्ट सैल असताना चावी कधीही ऑन करू नये. ही जागा तळाशी असल्याने पुराच्या पाण्यात मॉड्यूल लवकर भिजतं. भिजलेलं मॉड्यूल वाळवून वापरणं धोक्याचं आहे, ते बदलावं. मोठ्या अपघातानंतर एअरबॅगबरोबर मॉड्यूल, आवळलेले प्रीटेन्शनर आणि पुढचे सेन्सरही पुस्तिकेप्रमाणे बदलावे लागतात. सीटमध्ये साईड एअरबॅग असेल तर साधं जाड सीट कव्हर शिवून घेऊ नये. पिशवी सीटच्या शिवणीतून बाहेर येते आणि कव्हर तिची वाट अडवतं.

भारतात १ जुलै २०१९ पासून चालकाची आणि २०२२ च्या सुरुवातीपासून सगळ्या नव्या मोटारींत शेजारच्या सीटची एअरबॅगही सक्तीची आहे. त्या गाड्या आता जुन्या बाजारात येत आहेत आणि इथे तो न लागणारा दिवा आठवावा. एअरबॅग फुटून गेलेल्या गाडीत नवी न बसवता २ ओहमचा रेझिस्टर कायमचा लावला की मॉड्यूल समाधानी होतं. किंवा दिवाच काढून टाकतात, नाहीतर ऑईलच्या दिव्याला जोडतात. गाडी घेताना इंजिन सुरू न करता फक्त चावी ऑन करा. एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन बंद असतानाच, आपल्या वेळेला, एकटाच विझला पाहिजे. इंजिन सुरू केल्यावर ऑईलच्या दिव्याबरोबर त्याच क्षणी विझत असेल तर वायरिंगमध्ये हात घातला गेला आहे. रेझिस्टरची फसवणूक मात्र दिव्यावरून कळणार नाही. त्यासाठी स्टिअरिंगचं आणि डॅशबोर्डचं कव्हर मूळचं आहे का, शिवण-रंग जुळतात का, हे बघावं आणि शंका आली तर एअरबॅग उघडून पाहायला लावावी.

दोन ओहम बरोबर असूनही एअरबॅग जीवघेणी ठरू शकते हे टाकाटा कंपनीच्या एअरबॅगनी दाखवलं. त्यांत अमोनियम नायट्रेट वापरलं होतं आणि बऱ्याच इन्फ्लेटरमध्ये, म्हणजे वायू तयार करणाऱ्या धातूच्या डब्यांत, ओलावा शोषणारा पदार्थ नव्हता. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने ते रसायन खराब होऊन फार वेगाने जळू लागलं आणि धातूचं कवच फुटून तुकडे माणसांना लागले. एकट्या अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख एअरबॅग परत बोलवाव्या लागल्या, कंपनी २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेली. भारतातही होंडाने सिटी आणि जॅझसह अनेक मॉडेलचे इन्फ्लेटर बदलून दिले. यातल्या एकाही गाडीत दिवा लागला नसता, कारण मॉड्यूल तार तपासतं, रसायन नाही. मुंबई, कोकण, गोवा हा तसाच उष्ण आणि दमट पट्टा आहे. २००० नंतरच्या दीड दशकातली गाडी वापरत असाल तर नोंदणी पुस्तकावरचा १७ अक्षरांचा चॅसिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावरच्या रिकॉलच्या पानावर टाकून पाहा. इन्फ्लेटर बदलायचा राहिला असेल तर कंपनी तो मोफत बदलून देते.