व्हँकोमायसिनची धास्ती आली कुठून?

व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक सुरू करायचं म्हटलं की आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारी रक्तचाचणी, पाहिली जाते. किडनी आणि कान यांना जपा, हा इशारा या औषधाला जन्मापासूनच चिकटलेला आहे. तो खोटा नाही, पण त्यातला बराचसा भाग औषधापेक्षा त्यातल्या गाळाचा होता.

१९५०च्या दशकात पेनिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकस या जिवाणूने रुग्णालयांत ठाण मांडलं होतं. बोर्निओतून एका मिशनऱ्याने पाठवलेल्या मातीतल्या जिवाणूपासून एली लिली कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ एडमंड कॉर्नफेल्ड यांना त्यावरचं द्रव्य मिळालं. सुरुवातीचा माल इतका तपकिरी आणि अशुद्ध होता, की त्याला ‘मिसिसिपीचा चिखल’ असं टोपणनाव पडलं. १९५८मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली खरी, पण पाठोपाठ त्याच जंतूवरचं मेथिसिलिन हे दुसरं अँटिबायोटिक आलं आणि हे त्रासदायक औषध कपाटात गेलं.

ते बाहेर काढलं एमआरएसएने. मेथिसिलिनलाही न जुमानणारा हा स्टॅफिलोकॉकस १९६१मध्ये ब्रिटनमध्ये नोंदला गेला आणि १९८०च्या दशकात व्हँकोमायसिनची मागणी झपाट्याने वाढली. तोवर माल बराच शुद्ध झाला होता, किडनीच्या तक्रारीही कमी झाल्या होत्या. सलाइनमधून भरभर दिलं की मान-चेहरा लाल होऊन खाज सुटणं मात्र राहिलं. शरीरातल्या मास्ट पेशींतून खाज-लाली आणणारं हिस्टामिन हे रसायन थेट सुटल्यामुळे बहुतेकदा हे होतं. ती खरी अ‍ॅलर्जी नव्हे. म्हणून एक ग्रॅमचा डोस किमान तासभर चालवतात. (केस पेपरवर ‘व्हँकोची अ‍ॅलर्जी’ लिहून मोकळं होणं सोपं, पण त्याने रुग्णाचं एक कामाचं औषध विनाकारण बाद होतं.)

किडनीचा प्रश्न पुन्हा डोकं वर काढायला आपणच कारणीभूत ठरलो. २००९च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी गंभीर संसर्गात पुढच्या डोसआधीची रक्तातली पातळी लिटरमागे १५ ते २० मिलिग्रॅम ठेवायला सांगितली. ती गाठण्याच्या नादात डोस वाढले आणि किडनीला इजाही वाढली. २०२०मध्ये गंभीर एमआरएसए संसर्गासाठी हा निकष सोडून दिवसभरात रक्ताला औषध एकूण किती मिळालं याचं माप, म्हणजे ‘एयूसी’, ४०० ते ६०० या पल्ल्यात ठेवायचं ठरलं.

याच गटातलं, युरोपात रुळलेलं टायकोप्लॅनिन किडनीला त्या मानाने सौम्य. उलट, २००९मध्ये अमेरिकेत आलेल्या टेलाव्हान्सिन या भावंड-औषधाच्या माहितीपत्रकावर किडनीबद्दलचा ठळक चौकटीतला इशारा आहे. त्याचा दोष चिखलावर ढकलता येत नाही.