हवेत थबकलेलं पाणी

माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या जगाच्या गेममध्ये डोंगर उतरताना कधीतरी हे दृश्य दिसतंच. तळ्याची एक बाजू उघडी, खाली दरी, आणि पाणी मात्र काचेच्या भिंतीसारखं सरळ उभं!

या गेममधलं पाणी सतत वाहत नसतं. जग १६ × १६ ठोकळ्यांच्या चंकमध्ये विभागलेलं असतं आणि एका चंकची उंची ३८४ ठोकळे, म्हणजे एका चंकमध्ये ९८,३०४ जागा. असे शेकडो चंक आजूबाजूला असताना पाण्याच्या प्रत्येक ठोकळ्याला क्षणोक्षणी 'खाली जागा आहे का?' विचारत बसलं, तर संगणक दमून जाईल. म्हणून पाणी झोपलेलं असतं. शेजारचा ठोकळा बदलला की ते जागं होतं आणि सेकंदाला चार ठोकळे या वेगाने पसरतं. सपाटीवर उगमापासून सात ठोकळ्यांपर्यंत, पुढे नाही. जग घडताना एखादं पाणी जागं करायचं राहून गेलं, की ते तसंच लटकतं.

म्हणून आधी त्याच्या शेजारी एक ठोकळा ठेवा आणि काढून घ्या. बहुतेकदा पाणी धो-धो कोसळतं. नाहीच हललं, तर संगणकावरच्या जावा आवृत्तीत एफ३ आणि ए एकत्र दाबा. चंक नव्याने रेखाटले जातात. भिंत नाहीशी झाली, तर चूक फक्त चित्रात होती.

जमिनीचा तुटलेला कडा दिसला तर एफ३ आणि जी दाबून चंकच्या सीमा बघा. कडा नेमका सीमेवरच असेल, तर तो दोन आवृत्त्यांचा सांधा असण्याची शक्यता दाट. पाहून झालेला भाग डिस्कवर साठवलेला असतो, नवा भाग मात्र नव्या सूत्राने घडतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेल्या १.१८ आवृत्तीत हे सांधे बुजवण्याची सोय झाली. तरीही सांधा खटकला, तर जुने चंक पुसून नव्याने घडवता येतात, पण त्यांच्यासोबत तुमची घरंही जातात. आधी जगाची प्रत काढून ठेवाच.

मला सर्वात मोह घालतो तो मात्र जुन्या आवृत्त्यांमधला 'फार लँड्स' (दूरचे प्रदेश) हा बिघाड. डोंगरदऱ्या ज्या गणिती 'नॉइज'मधून, म्हणजे सलग पण बेभरवशाच्या चढउतारांच्या सूत्रातून, उगवतात, त्याचा पाया केन पर्लिन यांनी १९८०च्या दशकात घातला. या गेममध्ये तुमच्या स्थानाच्या आकड्याला साधारण १७१ने गुणून तो त्या सूत्रात जायचा. तिथे संख्येचे पूर्णांक आणि उरलेला अपूर्णांक असे दोन भाग व्हायचे. जगाच्या केंद्रापासून १,२५,५०,८२१ ठोकळ्यांवर गुणाकार २,१४,७४,८३,६४७च्या पुढे जातो, आणि ३२ बिटांच्या पूर्णांकात याहून मोठी संख्या मावत नाही. पूर्णांक तिथेच अडकतो, उरलेला 'अपूर्णांक' बेसुमार फुगतो. मग जमिनीची आभाळाला भिडणारी, भोकाभोकांची भिंत उभी राहते. सप्टेंबर २०११च्या बीटा (चाचणी) १.८ आवृत्तीत ती गेली.

त्या भिंतीतही पाणी मात्र शहाण्यासारखं समुद्रसपाटीलाच थांबायचं. कारण त्याचा नियम वेगळा होता: सपाटीखाली जागा रिकामी असेल, तर ती पाण्याने भर.