पांढऱ्या कॉलरवरचे तांबूस डाग आणि आमचं सनस्क्रीन

उन्हाळा लागला की आमच्याकडे एक तक्रार हमखास येते. पांढरा शर्ट धुऊन वाळत घातला की कॉलरला गंजासारखा तांबूस पट्टा उठतो. ग्राहकांना वाटतं, क्रीमचाच रंग लागला. पण क्रीम पांढरंच आहे. त्यातल्या अव्होबेन्झोन या ऊन अडवणाऱ्या द्रव्याची बोअरच्या पाण्यातल्या लोहाशी गाठ पडली की हा रंग तयार होतो. त्यामुळे क्रीम लावल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा, ते अंगावर सुकू द्या, मग कपडे घाला. डाग पडलाच तर ब्लीच मुळीच वापरू नका, तो आणखी पक्का होतो. लिंबाचा रस चोळून थोडा वेळ ठेवा आणि मग धुवा.

एवढा त्रास आहे तर अव्होबेन्झोन घालायचंच कशाला? उन्हातल्या अतिनील किरणांपैकी यूव्हीबी त्वचा भाजतात, तर यूव्हीए खोलवर जाऊन सुरकुत्या आणतात, वांग वाढवतात. यूव्हीए खिडकीच्या काचेतूनही आत येतात. डब्यावरचा एसपीएफचा, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचा, आकडा मुख्यतः यूव्हीबीचा असतो. यूव्हीए अडवायला अव्होबेन्झोन उत्तम, यूव्हीएतल्या ३५७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास ते सगळ्यात जास्त शोषतं.

पण ते उन्हातच मोडतं. किरण शोषून उष्णता सोडता सोडता त्याचे रेणू हळूहळू तुटत जातात. त्याला सांभाळायला आम्ही सोबत ऑक्टोक्रायलीन हे दुसरं ऊन अडवणारं द्रव्य घालतो. ऑक्टिनॉक्सेट हे यूव्हीबी अडवणारं द्रव्य मात्र घालत नाही, कारण उन्हात ते आणि अव्होबेन्झोन एकमेकांना बिघडवतात. ऑक्टोक्रायलीन जुनं होत गेलं की त्यातून बेन्झोफेनोन हे कर्करोगकारक असल्याचा संशय असलेलं रसायन तयार होतं, आणि ते अंगाला लागू नये असं आम्हाला मनापासून वाटतं. म्हणून मागच्या उन्हाळ्यातली ट्यूब टाकून द्या. नवी ट्यूबही स्कूटरच्या डिकीत तापत ठेवू नका.

“हे रक्तात जातं का?” असं बरेच जण विचारतात. हो, जातं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१९ आणि २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत अव्होबेन्झोन आणि ऑक्टोक्रायलीन ही दोन्ही द्रव्यं रक्तात सापडली. त्यावरून अपाय होतो असं सिद्ध झालेलं नाही, अधिक तपासणी हवी एवढंच एफडीएने म्हटलं. तरीही मनात शंका असेल तर आमचं झिंक ऑक्साईडचं क्रीम घ्या. चेहरा थोडा पांढुरका दिसेल, पण तेही चांगलं काम करतं.

एसपीएफ ३० की ५०, यात फार अडकू नका. पुरेसं लावलं तर पहिलं सुमारे ९७ टक्के यूव्हीबी अडवतं, दुसरं ९८. खरी उणीव राहते ती मात्रेत. हे आकडे दर चौरस सेंटीमीटरला दोन मिलिग्रॅम क्रीम लावून काढलेले असतात, आणि बहुतेक जण त्याच्या निम्मंही लावत नाहीत. चेहरा आणि मान मिळून तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत दोन रेघा निघतील इतकं घ्या. दर दोन तासांनी, आणि घाम पुसल्यावर, पुन्हा लावा. कानाच्या पाळ्या आणि गाडी चालवताना उघडे राहणारे हातांचे पंजे विसरू नका.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीन लावू नका. त्याला सावलीतच ठेवा.