नागपूर–नागभीड मार्ग : ‘रुंदीकरण’ या शब्दामागचा इतिहास

नागपुरातील इतवारीहून कुही, उमरेड, भिवापूरमार्गे नागभीडला जाणारी नॅरोगेज (अरुंद रुळांची) शाखा 1908 साली सुरू झाली आणि नोव्हेंबर 2019 मध्ये ती ब्रॉडगेज (रुंद रुळांची) करण्यासाठी तिच्यावरील गाड्या थांबल्या. प्रदेश जंगलाचा आणि रहदारी बेताची असल्याने कमी खर्चाचे 762 मिलिमीटरचे गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, निवडले गेले होते. बैलगाडीच्या दोन चाकांमधले अंतरही याहून जास्त असते.

या शाखेची खरी कोंडी 1990 च्या दशकात झाली. नागभीडवरून जाणारा गोंदिया–चांदा फोर्ट (चंद्रपूर) मार्ग ब्रॉडगेज झाला, ही शाखा मात्र तशीच राहिली, आणि नागभीडला दोन गेज समोरासमोर येऊन थांबली. भिवापूरहून चंद्रपूरकडे निघालेल्या माणसाला तिथे गाठोडी, पिशव्या, लेकरे उतरवून दुसऱ्या गाडीची वाट पाहणे भाग पडू लागले. 2015 मध्ये छिंदवाडा आणि जबलपूरकडच्या नॅरोगेज गाड्याही बंद झाल्या, तेव्हा सातपुडा परिसरातल्या त्या जुन्या जाळ्यापैकी हाच फाटा मागे उरला.

ही शाखा ब्रॉडगेज करण्यावरून पुढे जो वाद झाला, त्याचे मूळ एका शब्दात आहे. रेल्वेच्या हिंदी कागदपत्रांत ‘आमान परिवर्तन’, मराठी वर्तमानपत्रांत ‘रुंदीकरण’ आणि गावांत ‘लाईन मोठी होणार’, अशी एकाच कामाची तीन नावे रूढ आहेत. तिन्ही ऐकून असे वाटते की एक रूळ थोडा बाजूला सरकवला की काम संपले. वस्तुतः 1676 मिलिमीटरच्या मार्गासाठी भराव रुंद करावा लागतो, तीव्र वळणे सरळ करावी लागतात, पूल नव्याने बांधावे लागतात आणि फलाटही बदलावे लागतात. मग हा जुनाच मार्ग मानायचा की नवा प्रकल्प? या मार्गाच्या पट्ट्यातील उमरेड–कऱ्हांडला अभयारण्य 2012 साली घोषित झाले. रूळ त्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधीचे. म्हणून मार्गाचा हक्क जुना आहे, असे प्रवाशांच्या बाजूने मांडले गेले. वन्यजीव अभ्यासकांचे म्हणणे असे की, रात्रंदिवस वेगाने धावणाऱ्या गाड्या आणि संथ छोटी गाडी यांची तुलनाच होऊ शकत नाही, कारण ताडोबाकडून येणाऱ्या वाघांची वाट याच पट्ट्यातून जाते. हा आक्षेप वजनदार आहे. रूळ जमिनीवरून न्यावेत, खांबांवरून उंच न्यावेत की जंगलाला वळसा घालावा, यावर बराच काळ खल झाला.

प्रस्तुत लेखकाच्या मते या प्रश्नाचा निकाल गाड्या थांबवण्याआधीच लागायला हवा होता. जंगलातील मंजुरीचा तिढा आधीच दिसत असताना संपूर्ण शाखा एकाच वेळी बंद करण्यात आली आणि त्याची झळ स्वस्त तिकिटावर नागपूरला कामासाठी, दवाखान्यासाठी किंवा बाजारासाठी येणाऱ्यांना बसली. भिवापुरी मिरची घेऊन येणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला तेव्हापासून एसटीचे जास्त भाडे मोजावे लागले.

इतवारी स्थानकाला आता नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव आहे. नॅरोगेजची जुनी इंजिने आणि डबे नागपुरातील मोतीबागेच्या संग्रहालयात पाहायला मिळतात. हे संग्रहालय 2002 साली, म्हणजे ही गाडी धावत असतानाच, सुरू झाले होते.