समुद्री रीफ टाकी पुन्हा सुरू करताना : ठाणे व नवी मुंबईतील ग्राहकांसाठी माहितीपत्रक

काही वर्षांपूर्वी रीफ टाकी (खाऱ्या पाण्यात जिवंत प्रवाळ व मासे ठेवण्याची टाकी) बंद केलेले अनेक ग्राहक अलीकडे पुन्हा चौकशीसाठी आमच्याकडे येतात. कोणाची बदली झालेली असते, कोणाच्या घरी लहान मूल आलेले असते, तर कोणाची भरलेली टाकी एखाद्या मे महिन्यात वीज गेल्यामुळे संपलेली असते. अशा ग्राहकांना अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट ही साखळी (जिवाणू टाकीतील विषारी अमोनियाचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात ती प्रक्रिया) समजावून सांगावी लागत नाही. उलट ती पाठ असल्यामुळेच मधले टप्पे उरकून टाकण्याचा मोह त्यांना नवख्यांपेक्षा अधिक होतो, असा आमचा अनुभव आहे. जुन्या सामानातील काय ठेवावे, काय टाकावे आणि मधल्या काळात या छंदात काय बदलले, एवढ्यापुरतेच हे पत्रक आहे.

माळ्यावरून काढलेले सामान

काचेची टाकी वर्षानुवर्षे टिकते, परंतु तिच्या सांध्यांतील सिलिकॉन कोरडे राहिले की कडक होते आणि काचेपासून सुटू लागते. त्यामुळे टाकी गच्चीवर किंवा न्हाणीघरात समतल जागी ठेवून साध्या पाण्याने काठोकाठ भरावी व किमान एक आठवडा तशीच राहू द्यावी. खाली वर्तमानपत्र पसरल्यास थेंबभर गळतीही लक्षात येते. चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच टाकीत सुमारे 255 लिटर पाणी मावते. दगड, वाळू, सम्प (टाकीखालची गाळण-टाकी) आणि स्टँड धरून हे वजन सहज साडेतीनशे किलोच्या पुढे जाते. म्हणून पूर्वी टाकी जिथे होती तिथून ती आता गॅलरीत हलवण्याचा विचार असेल, तर तो सोडून द्यावा. स्टँड नेहमी तुळईच्या जवळ, भिंतीलगत असावा.

पंप व वेव्हमेकर (टाकीत प्रवाह निर्माण करणारे पंखे) पांढऱ्या व्हिनेगरमध्ये किंवा सायट्रिक आम्लाच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवले की चुन्याचा थर निघतो. इम्पेलर (पंपातील फिरते पाते) मोकळा फिरत असेल आणि वायरीचे आवरण तडकलेले नसेल, तर ते वापरण्यास हरकत नाही. टेस्ट किटची रसायने, कार्बन, फॉस्फेट शोषणारी माध्यमे आणि डीआय रेझिन (पाण्यातील उरलेले क्षार शोषणारे दाणे) यांपैकी काहीही जुने वापरू नये. रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजण्याचे उपकरण) टाकण्याची गरज नाही. मात्र तो नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्याला न लावता 35 पीपीटीच्या (हजारात 35 भाग क्षार) प्रमाणित द्रावणावर लावावा. शून्यावर अचूक असलेला रिफ्रॅक्टोमीटर 35 जवळ चुकीचा आकडा दाखवू शकतो.

जुन्या दगडांबाबत एक सूचना अत्यंत गांभीर्याने घ्यावी : स्वच्छ करण्यासाठी दगड कधीही उकळू नयेत आणि त्यांवर उकळते पाणीही ओतू नये. पूर्वीच्या टाकीत झोअँथिड किंवा पॅलिथोआ (बटणांसारखे दिसणारे मऊ प्रवाळ) असतील, तर त्यांतील पॅलिटॉक्सिन हे तीव्र विष वाफेबरोबर श्वासात जाऊ शकते आणि अशा प्रकारांत घरातील माणसांना रुग्णालयात दाखल करावे लागल्याची उदाहरणे परदेशात नोंदलेली आहेत. वाळलेले दगड कोरडे घासू नयेत. हातमोजे, चष्मा व मास्क घालून, मोकळ्या हवेत, दगड ओले ठेवून काम करावे. नंतर ते सोडियम हायपोक्लोराइटच्या सौम्य द्रावणात काही दिवस ठेवून, भरपूर पाण्याने धुऊन, क्लोरीन नाहीसा करणारे द्रव्य वापरून पूर्ण वाळवावेत. या द्रावणात आम्ल किंवा व्हिनेगर मिसळल्यास विषारी वायू तयार होतो, त्यामुळे पंपांची आणि दगडांची सफाई एका बादलीत करू नये. धुतलेले दगड खाऱ्या पाण्यात, अंधारात, पंप चालू ठेवून मुरवावेत आणि फॉस्फेट मोजत राहावे, कारण जुना दगड पूर्वी शोषलेले फॉस्फेट कित्येक आठवडे सोडत राहतो. त्या टाकीत कधीकाळी तांब्याचे औषध घातले गेले असल्यास दगड व वाळू दोन्ही टाकून देण्यातच शहाणपण आहे, कारण माशांना चालणारे तांब्याचे प्रमाणही प्रवाळ, कोळंबी व गोगलगायींना मारक ठरते.

पाणी

ठाणे खाडीचे किंवा वाशीच्या पुलाखालचे पाणी आणून चालेल का, असा प्रश्न आम्हाला अजूनही विचारला जातो. चालणार नाही. खाडीत सांडपाणी मिसळते आणि पावसाळ्यात तिचा खारेपणा झपाट्याने घसरतो. आरओ-डीआयचे (आरओनंतर रेझिनमधून नेऊन क्षारमुक्त केलेले) पाणी व चांगले रीफ मीठ यांना पर्याय नाही. खारेपणा 35 पीपीटी, म्हणजे 25 अंश सेल्सिअसला विशिष्ट गुरुत्व सुमारे 1.026, असा ठेवावा.

येथे ‘घरात आरओ आहेच’ हे उत्तर बहुतेकांकडून मिळते. स्वयंपाकघरातील आरओ हा पिण्यासाठी बनवलेला असतो. त्यातील टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) कंट्रोलर चवीसाठी थोडे कच्चे पाणी शुद्ध पाण्यात पुन्हा मिसळतो, मिनरलची नळकांडी त्यात क्षार घालते आणि हल्ली लोकप्रिय असलेल्या ‘कॉपर’ मॉडेलमध्ये तर पाण्यात तांबेच सोडले जाते. पिणाऱ्याला जे गुणकारी म्हणून विकले जाते, तेच टाकीतील कोळंबीला संपवते. टाकीसाठी वेगळा आरओ-डीआय संच हवा, आणि त्यातून निघणाऱ्या पाण्याचा टीडीएस शून्य असावा.

नवी मुंबई महापालिकेचे मोरबे धरणाचे पाणी किंवा ठाण्याला मिळणारे नदी-धरणांचे पाणी मुळात फारसे क्षारयुक्त नसते, त्यामुळे रेझिन बरेच दिवस पुरते. परंतु घोडबंदर रोडवरील ज्या सोसायट्यांना टँकर मागवावे लागतात, तिथे टँकर बोअरवेलच्या पाण्याचा असल्यास टीडीएस एकदम चढतो आणि रेझिन लवकर संपते. टँकरच्या दिवशी पाणी बनवू नये, किंवा बनवण्यापूर्वी मीटर लावून पाहावे. सोसायटीची टाकी ब्लीचिंग पावडरने धुतल्यानंतरचे एक-दोन दिवसही टाळावेत. संचातून वाया जाणारे पाणी लादी पुसण्यास व फ्लशसाठी निर्धोक असते.

उन्हाळा आणि वीज

पूर्वीच्या मेटल हॅलाइड दिव्यांनी टाकी तापत असे आणि चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) अर्धा वेळ त्या दिव्यांशीच झगडत असे. एलईडीमुळे तो भार पुष्कळ कमी झाला, तरी ठाण्याचा एप्रिल-मे तोच आहे. पाणी 25 ते 27 अंशांदरम्यान ठेवावयाचे असते. पाण्यावर वारा घालणारे पंखे बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरवतात, परंतु हवा दमट झाली की त्यांचा उपयोग घटतो. जानेवारीत उत्तम चाललेला पंखा जुलैत जवळजवळ निरुपयोगी ठरतो, हे लक्षात घेऊन आम्ही येथील ग्राहकांना चिलरच सुचवतो. चिलर बंद कपाटात ठेवल्यास तो स्वतःचीच गरम हवा ओढत राहतो. बाष्पीभवनाने कमी झालेली पातळी नेहमी साध्या आरओ-डीआय पाण्याने भरावी, खाऱ्या पाण्याने नव्हे.

वीज गेल्यावर आधी धोका प्राणवायूचा असतो, प्रकाशाचा नव्हे. दिवसभर दिवे बंद राहिल्याने प्रवाळांचे काही बिघडत नाही. पाण्याचा पृष्ठभाग हलायचा थांबला, तर मासे काही तासांत गुदमरू शकतात. इन्व्हर्टरवर म्हणून एक वेव्हमेकर किंवा रिटर्न पंप (सम्पमधून टाकीत पाणी परत चढवणारा) जोडावा, दिवे जोडू नयेत. पंप थांबल्यावर सम्पमध्ये किती पाणी परत येते, हे टाकी प्रथम भरतानाच वीज बंद करून पाहून घ्यावे. सर्व जोडणी आरसीसीबीवर (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) असावी आणि प्रत्येक वायर प्लगच्या खाली झुकून मग वर गेलेली असावी, म्हणजे ओघळणारे पाणी प्लगपर्यंत पोहोचत नाही.

मधल्या काळात बदललेल्या समजुती

नायट्रेट व फॉस्फेट शून्य हवेत, ही जुनी शिकवण आता मागे पडली आहे. दोन्ही शून्यावर आले की प्रवाळ फिकट पडतात आणि वाळूवर तपकिरी, बुडबुड्यांनी भरलेला डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्म जीवांचा चिकट थर येण्याची शक्यता वाढते. नायट्रेट 5 ते 10 पीपीएम (दशलक्षात इतके भाग) व फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएम हे आमच्या मते घरगुती टाकीस योग्य आहे. क्षारता 8 ते 9 डीकेएच (क्षारतेचे एकक), कॅल्शियम 420 व मॅग्नेशियम 1300 पीपीएमच्या आसपास ठेवावे. आकडा नेमका असण्यापेक्षा तो रोज तोच असणे अधिक मोलाचे असते.

बाटलीतील जिवाणूंनी सायकलिंग (टाकीत अमोनिया ते नायट्रेट ही साखळी बसणे) लवकर होते, हे खरे आहे. तरीही 2 पीपीएम अमोनिया टाकून 24 तासांत अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याचे पाहिल्याशिवाय आम्ही मासे देत नाही. नायट्राइट शिल्लक असताना नायट्रेटचे किट फुगवलेला आकडा दाखवते, त्यावर विसंबू नये.

कायद्याची बाजूही नीट पाहावी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या अनुसूचीत 2001 पासून कठीण सांगाड्याचे प्रवाळ, काळे प्रवाळ, सीफॅन आणि समुद्रघोडे यांचा समावेश आहे. 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली आणि सायटीस (वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करार) यादीतील परदेशी जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांवर त्यांची नोंद करण्याची जबाबदारी आली. त्यामुळे ‘पूर्वी सर्रास मिळत होते’ या कारणास्तव अक्रोपोरा (कठीण सांगाड्याचे प्रवाळ) किंवा समुद्रघोड्याची मागणी कृपया आमच्याकडे करू नये. मशरूम, झोअँथिड, लेदर आणि झेनिया या मऊ प्रवाळांची टाकी देखणी होते, आणि ती राखणेही सोपे असते.

माशांत पैदास केलेल्या क्लाउनफिशपासून सुरुवात करावी. भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचे तंत्र विकसित केले आहे, आणि असे मासे पहिल्या दिवसापासून दाणे खातात. यलो टँग या पिवळ्या समुद्री माशाचा भाव ऐकून मात्र जुने ग्राहक चकित होतात. अमेरिकेच्या हवाई बेटांवरील त्याची व्यावसायिक पकड 2021 च्या सुरुवातीला न्यायालयीन निर्णयामुळे थांबली, हे त्यामागील प्रमुख कारण आहे. कोणताही मासा मुख्य टाकीत सोडण्यापूर्वी किमान चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग रीफ टाकीत शिरल्यावर तिथे तांब्याचे औषध वापरता येत नाही आणि सर्व मासे बाहेर काढावे लागतात.

दुकानात येताना टाकीची मापे, स्टँडचे छायाचित्र आणि आपल्या नळाचे तसेच असल्यास आरओ-डीआयचे अर्धा-अर्धा लिटर पाणी वेगवेगळ्या स्वच्छ बाटल्यांत आणावे. तपासणी आपल्यासमोर करून दिली जाते. जुने दगड आणावयाचे असल्यास ते ओल्या कापडात गुंडाळून, झाकणाच्या डब्यात आणावेत.