एक सूर ओळखायचा, बाकी सगळे नाकारायचे: टोन डिटेक्टरची पार्श्वभूमी

मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे प्रोग्रॅम घालता येणाऱ्या छोट्या चिपला, छोटा माइक जोडायचा आणि ठरावीक सूर वाजला की रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, ओढायचा, एवढंच टोन डिटेक्टरचं काम. कागदावर हा प्रकल्प एका संध्याकाळचा वाटतो. बाजारात ‘साउंड सेन्सर’ नावाचं जे सगळ्यात स्वस्त मॉड्यूल मिळतं, ते आणून बरेच जण सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. त्या मॉड्यूलवर एलएम३९३ हा कंपॅरेटर असतो. आवाजाची पातळी पोटेंशिओमीटरने ठरवलेल्या रेषेच्या वर गेली की तो ‘हो’ म्हणतो. मग ती टाळी असो, दार आपटणं असो की खोकला. तो मोठा आवाज ओळखतो, सूर नाही.

या विषयाचा इतिहास बघितला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. हवा तो सूर पकडणं कुणालाच फार अवघड गेलं नाही. डोकं खाजवायला लावलं ते नको असलेल्या आवाजांना नाही म्हणण्याने.

विजेच्या आधीची पद्धत अनुनादाची. सतार किंवा सारंगीवरची तरफेची, म्हणजे खालची साथीची, तार सुरात लावून झाली की ती स्वतः छेडावी लागत नाही, तिचा सूर वरच्या तारेवर वाजला की ती आपोआप बोलते. एका सुरासाठी एक तार, हाच तो सर्वांत जुना टोन डिटेक्टर. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १९व्या शतकाच्या मध्याला पोकळ गोळ्यांनी तेच केलं. प्रत्येक गोळ्याची पोकळी एकाच सुराला साथ देणार. टोक कानात धरायचं आणि गुंतागुंतीच्या आवाजात तो सूर आहे का ते ऐकायचं. पुढे एलिशा ग्रे आणि अलेक्झांडर ग्रॅहम बेल हे दोघंही संशोधक एकाच तारेवरून अनेक संदेश पाठवण्याच्या मागे लागले होते. युक्ती हीच: प्रत्येक संदेशाला वेगळा सूर, आणि पलीकडे त्या त्या सुराला थरथरणारी पोलादी पट्टी. २ जून १८७५ रोजी बेल यांचा सहायक वॉटसन अशीच एक पट्टी सोडवत असताना तिचा झणत्कार दुसऱ्या खोलीत बेलना ऐकू आला, आणि टेलिफोनची वाट तिथून उघडली. म्हणजे टेलिफोनच्या जन्माच्या वेळी हातात काम होतं ते सूर वेगळे करण्याचंच.

हौशी मंडळींच्या हाती ही पट्टी आली १९५०च्या दशकात, रेडिओवर उडणाऱ्या मॉडेल विमानांतून. विमानातल्या रिसीव्हरमध्ये लहान-मोठ्या लांबीच्या पोलादी पट्ट्यांची ओळ असायची, पेटीच्या रीड्स उघड्या करून ठेवाव्यात तशी. जमिनीवरच्या ट्रान्समीटरने एक सूर पाठवला की एकच पट्टी थरथरून संपर्क जोडायची आणि सुकाणू एका बाजूला वळायचं. दुसऱ्या बाजूला वळायला दुसरा सूर. विमानाच्या इंजिनाची थरथर मात्र सगळ्याच पट्ट्यांना जाणवायची, म्हणून रिसीव्हर फोममध्ये गुंडाळून ठेवायचा रिवाज होता.

नकाराचं शास्त्र खऱ्या अर्थाने घडलं ते टेलिफोन कंपन्यांत. अमेरिकेतल्या बेल सिस्टिमने लांब पल्ल्याच्या लाइनवर २६०० हर्ट्झचा (सेकंदाला २६०० कंपनं, हीच सुराची कंप्रता) सूर वापरायला सुरुवात केली. लाइन मोकळी असेपर्यंत हा सूर वाजत राहायचा, कॉल लागला की थांबायचा. अडचण अशी की सिग्नलचा सूर आणि माणसांचं बोलणं एकाच तारेवरून जात होतं. बोलताना कुणाच्या आवाजात क्षणभर २६०० हर्ट्झ आला तर यंत्राला वाटणार फोन ठेवला, आणि चालू कॉल तुटणार. अभियंत्यांनी उपाय काढला तो असा: रिसीव्हरमध्ये दोन फाटे करायचे. एक फाटा फक्त २६०० च्या आसपासची ऊर्जा मोजेल, दुसरा, ज्याला ते ‘गार्ड’ म्हणत, बाकीच्या कंप्रतांच्या पट्ट्यातली. पहिली दुसरीपेक्षा बरीच जास्त असेल आणि काही काळ तशीच राहील, तरच सूर खरा. बोलण्यात एका वेळी अनेक कंप्रता मिसळलेल्या असतात, त्यामुळे गार्ड लगेच हरकत घेतो.

कल्पना चोख होती, आणि तिला भोक पडलं तेही त्याच जागी. माणसाची शिट्टी जवळजवळ शुद्ध सूर असते. तिच्यात गार्डला अडवायला काही सापडत नाही. जो एन्ग्रेसिया हा जन्मांध मुलगा सात वर्षांचा असताना फोनवर शिट्टी वाजवत होता आणि कॉल तुटला. स्वरज्ञान पक्कं असल्याने त्याला नेमका कोणता सूर लागतो हे कळलं. पुढे याच सुराने यंत्राला फसवून फुकट कॉल करणाऱ्यांत जॉन ड्रेपरचं नाव गाजलं ते नाश्त्याच्या धान्याच्या खोक्यात फुकट मिळणाऱ्या प्लास्टिकच्या शिट्टीमुळे, तिचा सूरही २६०० च्याच जवळ होता. स्टीव्ह वॉझ्नियॅक आणि स्टीव्ह जॉब्स यांनी हे सूर काढणारे ‘ब्लू बॉक्स’ बनवून विकले, ही तर आता दंतकथेसारखी सांगितली जाते. माझ्या मते या सगळ्या चोरट्या कॉलच्या गोष्टीत गार्डकडे उगाच दुर्लक्ष होतं. यंत्र मूर्ख नव्हतं. ज्या खोटेपणापासून वाचायला ते बांधलं होतं, तो आवाजाचा गोंधळ होता, शिट्टी नव्हे. अखेर कंपनीने सिग्नल बोलण्याच्या तारेवरून काढून वेगळ्या वाटेने नेले, तेव्हाच हा प्रश्न मिटला.

दरम्यान बटणांचा फोन आला. १८ नोव्हेंबर १९६३ रोजी पेन्सिल्व्हेनियातल्या कार्नेगी आणि ग्रीन्सबर्ग या गावांत ग्राहकांना तो पहिल्यांदा मिळाला. इथे अभियंत्यांनी एका सुरावर विसंबणं सोडलं. प्रत्येक बटणाला दोन सूर: आडव्या ओळीचा एक (६९७, ७७०, ८५२ किंवा ९४१ हर्ट्झ) आणि उभ्या ओळीचा एक (१२०९, १३३६, १४७७, चौथा १६३३ लष्करी वापरासारख्या खास कामांसाठी). हे आकडे विचित्र दिसतात, पण हेतूपूर्वक निवडलेले आहेत. शेजारच्या दोन सुरांचं गुणोत्तर २१ ला १९ च्या आसपास ठेवलंय, त्यामुळे एकाचा दुप्पट किंवा तिप्पट सूर दुसऱ्यावर पडत नाही. बोलण्यात आणि संगीतात मूळ सुराच्या पटीतले सूर सतत येतात, या जोड्या मात्र सहजासहजी जुळून येत नाहीत. ओळखणाऱ्याने मग दीड टक्क्यापर्यंतची चूक चालवून घ्यायची आणि साडेतीन टक्क्यांपलीकडची नाकारायची, आणि सूर किमान ४० मिलिसेकंद टिकला पाहिजे, असे नियम आले. यात ‘स्वीकारा’ इतकंच ‘नाकारा’लाही आकड्यात लिहिलंय.

हौशी लोकांपर्यंत हे पोहोचलं आठ पायांच्या एका चिपमधून. सिग्नेटिक्स कंपनीने १९७०च्या सुमारास फेज-लॉक्ड लूप एका चिपवर बसवलं. मूळ कल्पना १९३२ मधली, फ्रेंच अभियंता आंरी द बेलसीझ यांची. आत एक ऑसिलेटर, म्हणजे स्वतःचा सूर काढणारा भाग, असतो, तो येणाऱ्या सुराच्या मागे लागतो, पावलाला पाऊल जुळलं की चिप ‘सापडला’ म्हणते. या मालिकेतली ५६७ ही खास टोन ओळखण्यासाठी. एक रोध, एक कपॅसिटर, आणि त्यांच्या गुणाकाराला १.१ ने गुणून त्याने एकाला भागलं की मध्यकंप्रता, म्हणजे चिप जो सूर शोधते त्याची कंप्रता, मिळते. दहा किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड घातलं तर सुमारे ९०९ हर्ट्झ. आठव्या पायावर छोटा रिले थेट लावता येतो. आजही ही चिप मिळते.

तिच्यावर काम केलेला माणूस मात्र तिच्या खोड्या सांगितल्याशिवाय राहत नाही. पहिली, तापमान आणि कपॅसिटर यांच्या नादाने मध्यकंप्रता सरकते, त्यामुळे मल्टिटर्न प्रीसेट, म्हणजे बारीक पेचाने बदलता येणारा रोध, फिरवत बसावं लागतं. दुसरी तर डेटाशीटमध्येच छापलेली आहे: चिप मध्यकंप्रतेच्या पाचपट आणि नऊपट सुरालाही होकार देऊ शकते. ९०९ साठी लावलेली चिप ४५४५ हर्ट्झलाही मान डोलावते. चिपच्या आधी एक साधा फिल्टर न लावता हे सर्किट बांधलं की ‘कधीकधी उगाच चालतं’ अशी तक्रार ठरलेली. फोनची बटणं ओळखायला सात ५६७ आणि काही नॉर गेट लावायचं सर्किटही कंपनीने दिलं होतं. सात प्रीसेट जुळवायची कल्पना करा.

त्यातून सुटका केली कॅनडाच्या मायटेल कंपनीने. १९७३ मध्ये मायकल काउप्लंड आणि टेरी मॅथ्यूज यांनी ती स्थापन केली आणि तिचं पहिलं उत्पादनच टोन रिसीव्हर होतं. पुढे तिचीच एमटी८८७० ही अठरा पायांची चिप जगभर पसरली. तिच्यात प्रीसेट नाही. आतले फिल्टर ३.५७९५४५ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवरून, म्हणजे ठरावीक गतीने कंप पावणाऱ्या स्फटिकावरून, चालतात. हा आकडा अमेरिकन रंगीत टीव्हीचा. टीव्हीमुळे तो क्रिस्टल लाखांनी बनत होता, म्हणून स्वस्त होता. फोनच्या डायल टोनला तिथेच काट मारली जाते, आणि सूर पुरेसा वेळ टिकला का हे बाहेरचा एक रोध आणि कपॅसिटर ठरवतात. नकाराचे सगळे नियम एका चिपमध्ये.

आपल्याकडच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हे वर्णन लगेच ओळखीचं वाटेल. ‘मोबाइलवर चालणारा रोबो’ हा प्रकल्प कित्येक वर्षं कॉलेजाकॉलेजांत फिरला: गाडीवर ऑटो-आन्सर लावलेला एक मोबाइल, त्याच्या हेडफोनच्या जॅकमधून तार ८८७० ला, तिथून चार बिट्स एटीमेगा किंवा ८०५१ या मायक्रोकंट्रोलरला, आणि मोटरा चालवायला एल२९३डी ही चिप. सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास. यात एक खड्डा ठरलेला. शून्याचं बटण दाबलं की चिप ०००० देत नाही, १०१० देते, म्हणजे दहा. ०००० मिळतात ते ‘डी’ या, सामान्य फोनवर नसलेल्या बटणाला. प्रोग्रॅममध्ये शून्याशी तुलना लिहिली की गाडी थांबायलाच तयार नसते. प्रकल्प सादर करायच्या आदल्या रात्री हा शोध लागतो.

मोबाइलवरून दूरचं काही चालवण्याची हीच गरज शेतावरही होती. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांच्या ‘नॅनो गणेश’मध्ये शेतकरी विहिरीवरच्या पंपाला फोन लावतो, कोड दाबून पंप चालू-बंद करतो आणि वीज आहे की नाही हे पलीकडून ऐकू येणाऱ्या टोनवरून ओळखतो. रात्री वीज येते तेव्हा अंधारात बांधावरून जायची पाळी टळते.

चिपही काढून टाकायची आणि सूर थेट प्रोग्रॅमने ओळखायचा, याची किल्ली मात्र बटणांच्या फोनआधीच तयार होती. १९५८ मध्ये गेराल्ड गोर्टझेल यांनी अमेरिकेतल्या एका गणिताच्या मासिकात त्रिकोणमितीय श्रेणींची बेरीज करायची एक छोटी रीत छापली. टोनचा उल्लेख त्यात नव्हता, पण टोन ओळखायला ती अगदी मापात बसली. सात वर्षांनी आलेल्या फास्ट फूरिए ट्रान्सफॉर्ममुळे (एफएफटी) सगळ्या कंप्रतांची माहिती एकदम मिळते, आणि लोक सवयीने तोच वापरतात. एकच सूर हवा असेल तर ते अनाठायी आहे. २५६ नमुन्यांचा (नमुना म्हणजे त्या क्षणी मोजलेली आवाजाची पातळी) एफएफटी १६ बिटांच्या वास्तव व काल्पनिक भागांसह केला की १०२४ बाइट लागतात, आणि आर्डुइनो उनो या हौशी मंडळींच्या बोर्डावरच्या एटीमेगा३२८ मध्ये एकूण रॅम २०४८ बाइट. गोर्टझेलच्या रीतीत नमुने साठवायचेच नाहीत. फक्त मागची दोन मूल्यं लक्षात ठेवायची. नव्या नमुन्यात मागच्या मूल्याची ठरावीक पट मिळवायची, त्याआधीचं मूल्य वजा करायचं, बस. ही पट आधीच काढून ठेवता येते: सेकंदाला ८००० नमुने आणि ६९७ हर्ट्झचा सूर असेल तर १.७०७७. दोनशे पाच नमुन्यांनंतर शेवटच्या दोन मूल्यांवरून त्या सुराची ऊर्जा निघते.

२००५ मध्ये इटलीतल्या इव्रेआत आर्डुइनो आलं आणि ही रीत ज्यांनी सिग्नल प्रोसेसिंगचं पुस्तक कधी उघडलं नाही त्यांच्याही हाती पडली. उनोचा एडीसी, म्हणजे माइकच्या सिग्नलचे आकडे करणारा भाग, जसाच्या तसा ठेवला तर सेकंदाला साधारण ९६०० नमुने देतो. म्हणजे ४८०० हर्ट्झच्या वरचं सगळं खाली दुमडून येतं. ३१०० हर्ट्झचा बझर शोधत असाल तर ६५०० हर्ट्झचा आवाज हुबेहूब ३१०० सारखा दिसेल, आणि प्रोग्रॅममध्ये कितीही हुशारी केली तरी तो फरक परत मिळत नाही. त्यासाठी पिनेच्या आधी रोध-कपॅसिटरचा लो-पास, म्हणजे वरचे सूर अडवणारा फिल्टर, हवाच. बहुतेक हौशी सर्किटांत तो नसतो.

आणि ‘हो’ म्हणायची मर्यादा? इथे लोक ऊर्जेचा एक ठरीव आकडा लिहितात, मग माइक जवळ नेला की टाळीलाही रिले ओढतो. बेल सिस्टिमचा गार्ड इथेच हवा. सुराची ऊर्जा त्याच नमुन्यांच्या एकूण ऊर्जेशी ताडून बघायची. गुणोत्तर मोठं असेल आणि सलग चार-पाच तुकड्यांत तसंच राहील, तरच मानायचं. मोठ्या-लहान आवाजाचा मग फरक पडत नाही.

ही कसोटी सगळीकडे लागू पडत नाही, हेही खरं. कुकरच्या शिट्ट्या मोजणारं सर्किट हा आपल्याकडचा आवडता प्रकल्प, पण कुकरची शिट्टी नावालाच शिट्टी. तिच्यात बहुतांश वाफेची फुसफुस असते, ती मोठ्या पट्ट्यात पसरलेली असते आणि कुकरगणिक बदलते. गोर्टझेलने ती शोधणं म्हणजे गार्डलाच कामाला लावणं. तिथे पट्ट्यातली ऊर्जा आणि किती सेकंद टिकली एवढंच मोजणं बरं. उलट धुराचा अलार्म या रीतीसाठीच बनल्यासारखा असतो. सुमारे ३१०० हर्ट्झचा पिझो बझर, अर्धा अर्धा सेकंद तीनदा वाजतो, मध्ये अर्धा सेकंद गप्प, आणि तिसऱ्यानंतर दीड सेकंद शांतता. सुरापेक्षा हा ठेकाच जास्त भरवशाचा, कारण त्याची नक्कल घरातलं दुसरं काही करत नाही. मात्र वय झालेल्यांना वरचे सूर कमी ऐकू येतात म्हणून अमेरिकेच्या अग्निसुरक्षा नियमावलीत २०१४ पासून झोपण्याच्या काही जागांसाठी ५२० हर्ट्झचा अलार्म सांगितलाय, तोही चौकोनी लहरीचा. चौकोनी लहरीत तिप्पट सूरही भरपूर असतो, तेव्हा १५६० साठी गोर्टझेलची दुसरी मोजणी जोडायची, आणि एकूण ऊर्जेशी तुलना करताना दोघींची बेरीज धरायची. नाहीतर गार्ड खऱ्या अलार्मलाच बोलणं समजून नाकारील.